कालव्यातलं गुलाबी पाणी

सुनील गेला तेव्हा मी दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं तपासत होते. प्रतवारीच्या टेबलावर मोबाइल चालत नाही, म्हणून शेजारच्या काकूंचा फोन ऑफिसात आला आणि तिथून मला बोलावणं आलं. हृदयविकाराचा झटका, बसल्या खुर्चीतच. मी हातमोजे काढले, समोरची पेटी शेजारच्या बाईकडे सोपवली आणि नाशिकची बस धरली. याला आता सहा आठवडे झाले.

सुनील माझा धाकटा भाऊ. आई-वडिलांमागे फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. तो कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचा, पण जीव जुन्या गेममध्ये. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा गेम आजच्या मशिनवर सुरू तर होतो, पण माणसांचे चेहरे जांभळे दिसतात, झाडांच्या जागी काळे चौकोन येतात. सुनील गेमच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल टाकायचा. जुन्या गेमचं म्हणणं नव्या ग्राफिक्स कार्डाला समजावून सांगणारी. मग त्यातला एक आकडा बदलायचा, गेम सुरू करायचा, बघायचा, बंद करायचा. पुन्हा दुसरा आकडा… मी म्हणायचे, “अरे, कोण खेळतंय हे आता?”

“सटाण्याचे एक कांदा व्यापारी आहेत,” तो गंभीरपणे सांगायचा. “त्यांचा घोडा गुलाबी झालाय. लिलाव सोडून फोन करतात.”

पॅकहाऊसमध्ये पेटी बंद होण्याआधी दोघांनी पाहावी लागते, हे मी कधीतरी बोलले होते. ते त्याने उचललं. रंग दोघांनी पाहिल्याशिवाय तो वहीत ‘पक्कं’ लिहीत नसे, आणि दुसरी व्यक्ती म्हणजे मीच. “तुझा डोळा तयार आहे, ताई. द्राक्षाला जरा पिवळी झाक दिसली की पेटी मागे फिरवतेस.”

शेवटी त्याने हाती घेतला तो आमचा दोघांचा गेम. कालव्यातून नाव न्यायची. कॉलेजात असताना मी शेजारी बसून “डावीकडे, अरे डावीकडे!” ओरडायचे आणि तो मुद्दाम उजवीकडे धडकवायचा. नव्या मशिनवर त्यातलं पाणी गुलाबी दिसायचं. मूळ रंग आठवून हाताने भरावा लागणार होता, आणि तो गेम तेव्हा पाहिलेली माणसं त्याच्या ओळखीत दोनच: तो आणि मी.

पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचा माल जोरात येत होता ते दिवस. मी सकाळी निघत होते.

“ताई, दोन मिनिटं. कालव्याचं पाणी निळं होतं ना?”

“हो रे, निळंच.”

“बघितलंस कुठे?”

“बघितलं! बस जाईल माझी.”

मी दारात उभी होते. तिथून त्याचा स्क्रीन दिसतही नाही… दहा-बारा दिवसांनी तो गेला.

गेल्या आठवड्यात त्याची वही उघडली. त्या गेमच्या पानावर शेवटची ओळ होती: ‘पाणी निळं. ताईने पाहिलं. पक्कं.’ मी गेम सुरू केला. लख्ख निळं पाणी. पाहताक्षणीच कळलं, चूक आहे. पाणी हिरवट होतं, शेवाळलेलं. आम्ही त्यावर नाकं मुरडायचो. दिवसभर परक्या लोकांसाठी द्राक्षाचा मणी न् मणी पाहणारी मी, आणि घरात न बघता ‘बघितलं’ म्हणाले. त्याने माझ्या शब्दावर ती फाईल सटाण्यापासून कुठे कुठे पाठवूनही दिली होती.

आता संध्याकाळी कामावरून आले की त्याच्या खोलीत बसते. एक आकडा बदलायचा, सुरू करायचं, बघायचं, बंद करायचं. परवा जमलं. नाव हिरव्या पाण्यात उभी राहिली, अगदी तशीच. मी त्याची ओळ खोडली नाही. खाली लिहिलं: ‘पाणी हिरवं. ताईने पाहिलं.’ पुढचा शब्द लिहायला आणखी एक माणूस लागतो. पेनाला टोपण लावलं आणि कॉम्प्युटर बंद केला.