ठोक्यावरून साखर ओळखणारी

माझ्या अंगातली साखर माझ्या आधी ओळखणारी अख्ख्या कसब्यात एकच बाई होती, माझी बायको. शेवटच्या संध्याकाळी आम्ही मटार सोलत होतो. मी म्हणालो, "तू दमलीस, दे इकडे." तिनं टोपलीच खाली ठेवली. "अहो, माझी विचारपूस करताय? साखर उतरली तुमची!" बोट टोचलं, तर मशीनवर बासष्ट. मग नेहमीचंच. पाण्यात तीन चमचे साखर, समोर घड्याळ, पंधरा मिनिटं गप्प बसायचं, पुन्हा टोचायचं, आकडा वर आला की पोळी.

मी तांबट, शाळा चौथीपर्यंत. डॉक्टर बोलायचे, मी मान हलवायचो, समजून घ्यायची ती. मी खाली तांब्यावर हातोडी मारायचो आणि ही वर भाजी चिरता चिरता ऐकायची. ठोका अडखळला की साखरेचा डबा घेऊन जिन्यावर हजर. गिऱ्हाईक समोर असलं तरी तोंडात चमचा कोंबायची. साखर चढली तरी सुटका नव्हती, कारण माठाकडे माझे हेलपाटे किती झाले ते ती मोजायची. पुतण्याच्या लग्नात मी जिलेबी हाणली आणि गुपचूप एक गोळी जास्त घेतली. थोड्या वेळानं घाम फुटला, मांडवातच बसकण मारली. जरा सावरलो तर ही सगळ्या व्याह्यांसमोर ओरडत होती, "गोळी म्हणजे काय फडकं आहे, सांडलं की पुसायला?" त्यानंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कमी-जास्त करायची माझी हिंमत झाली नाही.

मटार सोलले त्याच रात्री ती गेली, झोपेत. हृदय बंद पडलं म्हणाले. माझं सगळं ती ऐकायची, तिचं मी काहीच ऐकलं नव्हतं.

सकाळी घर माणसांनी भरलं. नेईपर्यंत घरात कुणी खायचं नाही, ही आमच्यातली रीत. मुलगी नागपूरहून निघाली होती, तिला वेळ होता. माझे हात थरथरायला लागले. लोक म्हणाले, दुःखानं. मी म्हणालो, दुःख आहेच, पण रात्रीची गोळीही पोटात आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोट मीच टोचलं. एकसष्ट. साखर घेतली, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा बघितलं आणि कालची पोळी काढली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधी तिला नेऊ द्या, मग खा."

"वहिनी, तिनं तीस वर्षं राखलेला माणूस आहे हा. तिच्यासमोर पाडू का?"

तिच्या उशाशी बसून, सगळ्यांदेखत, मी ती पोळी सावकाश चावून खाल्ली.