सुमतीचं मशीन

सुमती ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधी बोलायला लागायची. "अहो ऐका, आज माझ्या मशीननं काय केलं माहितीये?" हात धुताना बोलायची, कणीक मळताना बोलायची, तव्यावरची पोळी करपेपर्यंत बोलायची. मी चौथी पास, कलकत्त्यातल्या बेहालाला एका कारखान्यात लेथवर. ती मॅट्रिक, वर टायपिंग, जन्म कलकत्त्यातला, बंगाली बोलायची ती मी मराठी बोलतो त्यापेक्षा बरी. "निर्व्यसनी आणि मराठी, दोन्ही एका माणसात या गावात मिळत नाही, म्हणून बाबांनी तुम्हाला दिली," असं सांगायची आणि स्वतःच हसायची.

ती एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होती. आणीबाणीचे दिवस. माणूस शेजाऱ्याशीही जपून बोलायचा, आणि माझा स्वभाव तर आधीच संशयी. दुधात पाणी आहे की नाही ते मी बोट बुडवून बघायचो. ती म्हणायची, "तुमचं बोट एक दिवस चहात भाजेल."

विश्वकर्मा पूजेला आमच्याकडे लेथला हार घालतात, तसा तिच्या ऑफिसात त्या मशीनला घातला होता. घरच्यांना बोलावणं होतं म्हणून गेलो. काचेपलीकडे थंडगार खोली आणि कपाटांएवढे डबे. मी शिपायाला विचारलं, "हे सगळं मिळून किती मशीन?" तो म्हणाला, "एकच." मग ही रोज 'माझं मशीन' कुठलं म्हणते? मनात ठेवलं.

पुढच्याच महिन्यात एका संध्याकाळी ती आली नाही. मी ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारे घोषालबाबू उतरले. ते बेहालातच राहायचे. मी विचारलं, मशीन बिघडलं का? "ना तो दादा. आमार मेशिन तो ठीकई चोलछिलो." दिवसभर नीट चालू होतं म्हणे. ही आली दीड तासानं.

"कुठे होतीस?"

"अहो, माझं मशीन बंद पडलं. सगळं पहिल्यापासून चढवत बसले."

"घोषालचं नाही पडलं ते?"

"त्यांचं कशाला पडेल? त्यांचं वेगळं."

"मशीन एकच आहे. डोळ्यांनी बघितलंय मी. आमच्या कारखान्यात सगळ्यांना फिरवणारा वरचा शाफ्ट थांबला की सगळे लेथ थांबतात. एकटा कधी थांबत नाही. मला शिकवू नकोस."

तिनं समजवायला तोंड उघडलं, मी ऐकलं नाही. नको ते बोललो. उद्यापासून नोकरी बंद, म्हणालो. ती रडली नाही. म्हणाली, "सोडते. पण आधी शनिवारी माझ्याबरोबर ऑफिसात चला. बघा, आणि मग सांगा."

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. तिनं साहेबांची परवानगी काढून मला आत नेलं. टाइपरायटरसारखी दोन यंत्रं शेजारी शेजारी. एकावर ती बसली, दुसऱ्यावर घोषालबाबू.

"खरं मशीन एकच, ते तुमचं बरोबर," ती म्हणाली. "त्याच्यावर एक मूळ प्रोग्राम बसलेला असतो. कारभारी म्हणा. तो एकाच मशीनची वाटणी करतो, पण अशी की प्रत्येकाला वाटावं, अख्खं मशीन आपलंच. माझ्या वाटणीचं बिघडलं तर माझंच पडतं. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही."

"मग तुला तरी कसं कळतं तुझं कुठलं?"

"त्या कारभाऱ्यालाच विचारायचं, हे मशीन कुणाचं. सकाळी बसलं की पहिलं काम तेच."

तिनं काही टाइप केलं. हात न लावता यंत्र आपोआप खडखडलं आणि कागदावर नाव उमटलं. इंग्रजी मला येत नाही, पण रेशनकार्डावरचं बायकोचं नाव ओळखू येतं. घोषालबाबूंनी तेच विचारलं, तर त्यांच्या कागदावर त्यांचं. मग तिनं मुद्दाम आपलं मशीन पाडलं. तिचं यंत्र मुकं झालं, घोषालबाबूंचं खडखडतच राहिलं. मी टेबलाखाली वाकून बघितलं. दोन्ही तारा एकाच भिंतीत जात होत्या.

"की खुँजछेन, दादा? भूत?" घोषालबाबू हसले.

"बरं. पटलं," मी म्हणालो. "कर नोकरी."

सुमती हसली नाही. खाली उतरल्यावर म्हणाली, "मी सांगत होते तेव्हा नाही पटलं. त्यानं एक ओळ छापली आणि पटलं."

"पटलं ना शेवटी?"

"हो. पटलं."

सोमवारी ती आली, चप्पल काढली, हात धुतले, कणीक घेतली. मी विचारलं, "ऑफिस?" म्हणाली, "ठीक." राग नव्हता. मासळी महागली, बहिणीचं पत्र आलं, सगळं सांगायची. ऑफिसचं नाही. मला वाटलं दमली असेल. दमली नव्हती, हे कळलं तेव्हा दिवाळी येऊन गेली होती. 'चुकलो' म्हणायला किती वेळ लागतो? मला चाळीस वर्षं पुरली नाहीत. निवृत्त झाली त्या दिवशी शाल घेऊन आली, कपाटात ठेवली. कोण कोण बोललं, विचारलं. "बोलले सगळे," म्हणाली आणि कुकर लावला.

तीन महिन्यांपूर्वी गेली. तेराव्याला घोषालबाबू काठी टेकत आले. निरोपाच्या दिवशी अख्खा मजला रडला होता, हे मला त्यांनी सांगितलं. नवीन माणसांना शुमोतीदीच शिकवायच्या, हेही. एका नव्या मुलीनं कारभाऱ्याला विचारून न घेताच काम सुरू केलं. ती बसली होती दुसऱ्याच कुणाच्या मशीनवर, आणि त्याचं वर्षभराचं काम पुसणार, तेवढ्यात दीदींनी तिचा हात धरला. साहेबांना कळू दिलं नाही.

आता ते दर रविवारी येतात, हिंदीत ऑफिसचं सांगत बसतात. मी चौथी पास, निम्मं डोक्यावरून जातं. मागच्या रविवारी ते जायला उठले, तर मी म्हटलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं?"

"दादा, ये सब तो दीदी ने घर पे बताया होगा."

"नहीं," मी म्हटलं. "मुझे नहीं बताया."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पुन्हा बसले.