पहिल्या पानावरचा खुनी

उभ्या नगर जिल्ह्यात वाचनालयातल्या आमच्या काकांइतके खून कुणी पचवले नसतील. दुपारच्या जेवणानंतर एखादा विषप्रयोग, संध्याकाळच्या चहाबरोबर एखादा गळफास, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा रतीब होता. खून सगळे अर्थात कादंबऱ्यांतले. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची हयात गेली होती आणि निवृत्त झाल्यावर ते सावेडीत लेकीकडे राहायला आले होते. आमच्या वाचनालयात त्यांची खुर्ची ठरलेली, पाठ भिंतीला लावलेली. आपल्या मागे कुणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. पुस्तक हाती आलं की आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे, कारण मुखपृष्ठावरचा चित्रकार फितूर असतो अशी त्यांची खात्री होती. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर संशयितांची नावं लिहायची आणि रोज मोजून चाळीस पानं वाचायची. एकदा ऐन खुनाच्या प्रसंगात चाळिसावं पान संपलं, तेव्हा पुस्तक मिटून ते घामाघूम होऊन बसले. पण एकेचाळिसावं पान काही उलटलं नाही.

कादंबरीसुद्धा ते काट्यावर घालूनच बघत. "खुनी पयल्यापासून आपल्या म्होरं बसलेला पायजे, अन् तरी दिसला न्हाई पायजे," ते म्हणायचे. "शेवटच्या पानाला भलताच कोन तरी आनून उभा केला, तर लेखकानं काटा मारला समजायचं. आन् खरी गोडी खुनी घावन्यात न्हाईच. समद्यांवर संशय येतो ना, त्यात हाय."

माझं नेमकं उलट होतं. मला उत्कंठा सोसत नाही. मी शाळेत मास्तर असलो तरी शेवटचं पान आधी वाचतो आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करतो. हे काकांना कळलं तेव्हा भर वाचनालयात, माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या आईवडिलांसमोर ते म्हणाले, "सर, तुमी रस वतून देता अन् चिपाड चघळत बसता." सगळे हसले. मला तो शब्द फार लागला.

त्या रागात माझ्या हातून ते झालं. नवी कादंबरी परत करताना ग्रंथपाल बाईंच्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि पहिल्याच पानावर डाव्या हातानं लिहिलं, 'खुनी: माळी'. दोन दिवसांनी काकांनी ते पान उघडलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते नुसते पुस्तकाकडे बघत राहिले. मला लाज वाटायला हवी होती. मी आणखी चार पुस्तकांवर लिहिलं.

मग काकांनी तपास सुरू केला आणि माझी झोप उडाली. अक्षर ताडून बघायला सूचनावहीत प्रत्येकाकडून दोन ओळी लिहून घेतल्या. पेन्सिलींची टोकं तपासली. माझ्याशी मात्र ते पूर्वीपेक्षा गोड बोलू लागले, त्यानं तर माझी पाचावर धारण बसली. त्यातच वाचनालयाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की लाल पेन्सिल बाईंच्याच टेबलावर असते, नवी पुस्तकंही आधी त्यांच्याच हातात येतात. रविवारपर्यंत उलगडा झाला नाही तर दुसरी बाई बघावी लागेल, असंही ते म्हणाले. बाईंचं घर त्या नोकरीवर चालत होतं. मी कबूल केलं असतं तर बाई वाचल्या असत्या, पण शाळेत तोंड दाखवायला जागा राहिली नसती आणि काकाही तुटले असते.

रविवारी काकांनी कादंबरीतल्यासारखं सगळ्यांना गोल बसवलं. अध्यक्ष, रोज येणाऱ्या एक निवृत्त परिचारिका, मी, आणि नोंदवही मांडीवर घेऊन बाई. परिचारिकाबाईंना त्यांनी दोन वाक्यांत मोकळं केलं. मग ते बाईंकडे वळले. "पेन्सिल तुमचीच हाय ना?" बाईंनी मान हलवली आणि खाली बघून नोंदवहीच्या कडा सरळ करू लागल्या. मी कसाबसा उभा राहिलो, तोंड उघडलं.

"बसा सर," काका शांतपणे म्हणाले. "पेन्सिल बाईंची, पन हात त्यांचा न्हाई. कोनाचा हाय ते मला ठावं हाय. पन म्या आत्ता शेवट सांगितला, तर त्याच्यात अन् माज्यात फरक काय ऱ्हायला? इथून म्होरं कोन लिहिनार न्हाई. जबाबदारी माजी." अध्यक्षांनी बरीच चुळबुळ केली, पण काट्यावरच्या माणसाचा शब्द त्यांना मोडवेना. जिना उतरताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "डाव्या हातानं लिव्हताना बोटं दुखली न्हाईत का वो?"

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. झोपेत, कुणावरही संशय न ठेवता. त्यांच्या पुस्तकात खुणेला ठेवलेली लग्नपत्रिका लेकीनं मला आणून दिली. तिच्यावरच्या संशयितांच्या पाच नावांपैकी एकही खोडलेलं नव्हतं. ती खिशात घेऊन मी तडक वाचनालयात गेलो आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील म्हणून मान खाली घालून उभा राहिलो.

"मला तेव्हाच कळलं होतं, सर," बाई म्हणाल्या. "लिहिलेलं प्रत्येक पुस्तक तुमच्या नावावर एकच दिवस होतं. नोंदवही मीच काकांना दाखवली. मी अध्यक्षांना सांगणार होते, पण काकांनी हात जोडले. म्हणाले, सर नेहमी शेवट आधी वाचतात, एकदा तरी त्यांना त्यांच्या पायानं शेवटाला येऊ द्या."

बाईंनी कपाटातून लेकीनं परत केलेली काकांची अर्धवट राहिलेली कादंबरी काढली, माझ्या नावावर लिहिली आणि पुढे केली. आता मी रोज चाळीस पानं वाचतो. भिंतीला पाठ लावून.