हुंगून बघा, जावय

मी बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा फिटर. बंद पडलेलं मशीन चालू करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. म्हणून स्वतःची मोटरसायकल रस्त्यात बंद पडली की मला आधी राग येतो, विचार मागाहून. आम्ही घाटावरची माणसं, घरात सगळेच तापट. पण त्या दिवशी मी जे केलं ते तापटपणाच्या नावावर खपत नाही.

मुलीचा पहिला वाढदिवस होता. सासरे दातिवऱ्याला राहतात, छोट्या होडीवर मासेमारी करतात. त्यांना आणायला मी आदल्या दिवशीच गाडी घेऊन गेलो. सकाळी ते म्हणाले, "जावय, जरा गाडी नेतो. नातीला कायतरी आणतो." फ्रॉक घेऊन आले, आणि येताना टाकी काठोकाठ भरून. जावयाची गाडी रिकामी परत द्यायची नाही, ही त्यांची रीत.

केळवे मागे पडलं आणि गाडीचा दमच गेला. मी ॲक्सिलरेटर पिळतोय, पण गाडी ओढेच ना. दोन-तीन आचके दिले आणि बंद. प्लग काढून पुसला, टाकीचं झाकण उघडून आत नाक घातलं, झाकण लावून किक मारली तर चालू! थोडं पुढे गेलो, पुन्हा तेच. पुन्हा झाकण उघडून वास घेतला, पुन्हा चालू. माझ्या डोक्यात आता एकच भुंगा. होडीचं मशीन घासलेटवर चालतं, घरात कॅन भरून ठेवलेले असतात. म्हाताऱ्यानं पंपाचा हेलपाटा वाचवला, दुसरं काय!

पालघरला चहाच्या टपरीसमोर तिसऱ्यांदा बंद पडली. मी झाकण उघडून वास घेतला आणि माझा तोल सुटला.

"मामा, खरं सांगा, होडीचं घासलेट ओतलंत ना?"

"नाय वो. पंपावरचंच हाय."

"मग गाडी काय उगाच बंद पडतेय?"

"नातीकडं जायचंय, मी असं कशाला करीन?"

"निदान खोटं तरी बोलू नका!"

टपरीवरची माणसं चहा हातात धरून बघत होती. सासऱ्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "हुंगून बघा, जावय. घासलेटचा वास लवकर जात नाय."

जरा लाज असती तर मी तिथेच त्यांचे हात धरले असते. मी वाकलो आणि हुंगले. देवाशपथ, हुंगले. माशांचा वास होता, दुसरा कसलाच नाही. तरी म्हणालो, "धुतले असतील."

त्यांनी फ्रॉकची पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. मी थांबवलं नाही. किक मारली, गाडी लगेच चालू झाली, आणि मी एकटाच घरी आलो.

बायको दारातच उभी. "बाबा कुठायत?" मी तोंड उघडायच्या आत तिचा फोन वाजला. बाबाच होते. होडीचं काम निघालं, म्हणून जमलं नाही, असं सांगत होते. ज्यांना मी भर रस्त्यात खोटारडं ठरवलं, ते खोटं बोलले ते माझी अब्रू राखायला. मुलीने संध्याकाळी त्यांचाच फ्रॉक घातला.

दुसऱ्या दिवशी गाडी खोलायला बसलो. झाकण फिरवलं आणि फुस्स करून आवाज आला. रस्त्यावर ट्रकांच्या गोंगाटात तो ऐकूच आला नव्हता. झाकण उलटं करून पाहिलं, तर आत दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून मीच दाबून बसवलेला! झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं, हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. घर ते कंपनी अंतर एवढंसं, तेवढ्यात कधी जाणवलं नव्हतं. दातिवऱ्याला जाताना टाकी निम्मी रिकामी होती, आतल्या हवेवर भागलं; येताना मात्र टाकी काठोकाठ, आत हवाच उरली नव्हती. आणि घासलेट हुंगायला मी झाकण उघडायचो, तेव्हा हवा शिरून गाडी चालू व्हायची. काखेत कळसा नि गावाला वळसा! घासलेट असतं तर धूर निघाला असता, इंजिन ठोकायला लागलं असतं. माझ्या हाताखालच्या कुणी असलं निदान केलं असतं, तर मी त्याची सालटी काढली असती.

सासऱ्यांना फोन केला. "मामा, गाडी झाली. कचरा अडकला होता." कचरा म्हणे! कुणी घातलेला, ते मेलं जिभेवर येईना.

"बरं झालं," ते म्हणाले. "सांभाळून चालवा."

दिवाळीनंतर ते आले, एसटीने. मुलगी दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे धावली. त्यांनी तिला उचललं नाही. आधी मोरीत गेले, साबण लावून हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. बाहेर येऊन हात स्वतःच्या नाकाशी नेले.

बायको हसली. "बाबा, हे काय नवीनच?"

ते माझ्याकडे बघत होते. "आता चालंल ना, जावय?"

टोमणा असता तर बरं झालं असतं, मी निमूट गिळला असता. पण तो टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. मुलगी हात वर करून ताटकळली होती, बायको हसत माझ्याकडे बघत होती. सगळं सांगून टाकायला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

मी म्हणालो, "चालेल."