टाळीच्या अलीकडचा दिपू

फोन आला तेव्हा मी गच्चीवर उडदाचे पापड उलटत होते. मे महिना, धुळ्याचं ऊन… चटईबाहेर पाऊल पडलं तर चटका बसत होता. फोनवर चोपड्याकडच्या एका गावातला मुलगा होता. त्याच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग करायला माझा धाकटा दीर दिपू आदल्या संध्याकाळी गेला होता. "वहिनी, दीपकभाऊंना भोवळ आली. दवाखान्यात आणलंय, तुम्ही लगेच या," एवढंच तो म्हणाला. खरं सांगते, मला आधी रागच आला. निघताना मी त्याच्या हातात रुमाल कोंबला होता, डोक्याला बांध म्हणून, आणि तो रुमाल त्याने नक्की कॅमेऱ्यालाच गुंडाळला असणार, हे मला इथे बसून दिसत होतं. तो राग चोपड्याच्या दवाखान्याच्या दारापर्यंत टिकला. आत पलंगावर दिपूला पाहिल्यावर मात्र त्या रागाचं काय करावं ते कळेना. ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी रात्रभर फार धडपड केली. सकाळी दिपू गेला.

आमचा दिपू लग्नांचे व्हिडिओ करायचा. नाशिकच्या एका फोटोग्राफरचा वापरलेला कॅमेरा त्याने घेतला, तो फोटोही काढणारा आणि व्हिडिओही घेणारा डीएसएलआर, आणि त्यातच त्याची सगळी पुंजी आटपली. मग बाकीचं सामान त्याने घरातल्या घरात उभं केलं. खांद्यावर कॅमेरा टेकवायचा सांगाडा नळाच्या पाइपांचा, त्याला मुठी जुन्या सायकलच्या. शेजाऱ्यांनी सरकत्या खिडक्या बसवल्या, त्यातली उरलेली ॲल्युमिनियमची पट्टी याने मागून आणली आणि तिच्यावरून कॅमेरा असा गुळगुळीत सरकवला की नवरीकडची माणसं विचारायची, हे यंत्र कुठून मागवलं? माइकवर वारा घोंगावू नये म्हणून केसाळ कापड लागतं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीचं टेडी अस्वल पाठीवरून सोललेलं सापडलं. पोरीने घर डोक्यावर घेतलं. तिला मांडीवर घेऊन हा गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "अस्वल मरनं नही बेटा, नोकरीले लागनं." तिला ते पटलं. पुढे प्रत्येक लग्नाहून काका आला की ती आधी अस्वलाची कामावरची खबर विचारायची.

अलीकडे सगळ्यांकडे ड्रोन आले. गिऱ्हाईक बोलणी करायला घरी येई, चहा पिई आणि हमखास विचारी, "ड्रोन शे का?" दिपू तितक्याच थाटात सांगे, "ड्रोन नही, गच्ची शे." आणि खरोखर शेजारपाजारच्या गच्च्यांवर चढून असे काही शॉट आणायचा की वरून उडणाऱ्यालाही तसे मिळाले नसते. गिऱ्हाईक हसत कबूल व्हायचं. काही जण न हसता उठूनही जायचे, पण ते गेल्यावर दिपू त्यांच्या कपातला उरलेला चहा बघून म्हणायचा, "माणूस वाईट नही, चहा गोड व्हयना व्हई." म्हणजे दोष माझ्या चहाचा!

मला या धंद्यात त्यानेच ओढलं. लग्नाआधी जळगावला मी कॉम्प्युटरवर टायपिंग शिकले होते, एवढ्या भांडवलावर त्याने मला एडिटर करून टाकलं. "तुमले बटनं येतस, माले शॉट येतस, आखो काय पाहिजे?" स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत टेबल मांडलं, आणि डाळीला फोडणी देता देता मी लोकांच्या मुलींची सासरी पाठवणी करू लागले. फिल्मच्या शेवटी संकलन म्हणून माझं नाव घालायचं तर हा नुसतं 'वहिनी' लिहायचा. धुळे-जळगावकडच्या कितीतरी घरांत त्यामुळे मी नुसतीच वहिनी आहे.

आता टाळीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अशा कॅमेऱ्यात आवाज चांगला येत नाही, म्हणून आवाज एका वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर घ्यायचा असतो. नंतर चित्र आणि आवाज जुळवायचे. त्यासाठी शूटिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. चित्रात हात जुळलेले दिसतात, आवाजात ठप्प ऐकू येतं, दोन्ही एकाखाली एक ठेवले की काम झालं. जुळवून झालं की टाळीच्या अलीकडचं सगळं कापून टाकायचं. दिपूने काय केलं, तर त्या कापायच्या जागेत माझ्याशी गप्पा मारायला सुरुवात केली. कॅमेरा चालू करायचा, चार शब्द बोलायचा, मग टाळी. "वहिनी, नवरदेवना काका रुसेल शे. त्यासना एक शॉट जास्ती टाकजो." ठप्प. "वहिनी, बँडवाला बेसूर शे, आठे गाणं टाकी द्या." ठप्प. मी इकडे एकटी हेडफोन लावून हसायची आणि कापायची. ते बोलणं माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही. हार्ड डिस्क महाग, कार्डं मोजकी, म्हणून एकदा लग्नघराला फिल्म पसंत पडली की मूळ शूटिंग पुसून त्याच कार्डावर पुढचं लग्न. सगळेच तसं करतात.

आणि दुपारच्या पंगतीनंतरच्या टाळीला एक निरोप ठरलेला असायचा. "मायले सांगजो, मी जेवनू."

माय म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही सगळेच त्यांना माय म्हणतो. शूटिंगच्या दिवशी फोन खिशात बंद ठेवायचा त्याचा नियम, म्हणून हा निरोप कार्डातून यायचा, आणि कार्ड माझ्या हाताशी येईतो दोन-चार दिवस गेलेले असायचे. तोवर दिपू स्वतः घरी येऊन, चार वेळा जेवून, पुढच्या लग्नाला गेलेलाही असायचा. तरी मी हेडफोन काढून स्वयंपाकघराकडे हाक मारायची, "माय, दिपू जेवला हो!" आणि माय भाकरी थापता थापता न चुकता म्हणायची, "खोटाडा शे तो. एखादा घास टाका व्हई तोंडमा." आमच्या घरातला तो एक खेळच होता.

कॅमेऱ्याच्या छत्रीचं आठवलं की मात्र माझा जीव जळतो. असला कॅमेरा खूप वेळ व्हिडिओ घेत राहिला की तापतो, पडद्यावर तापल्याची खूण येते आणि तो बंद पडतो. खानदेशातलं मे महिन्यातलं लग्न म्हणजे तर विचारायलाच नको. दिपूने लहान मुलाची एक रंगीत छत्री आणली, सोनगीरच्या एका तांबट दोस्ताकडून पितळेचा पट्टा करून घेतला आणि ती छत्री कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसवली. सावली नेमकी कॅमेऱ्यापुरती. वरून ओलं फडकं. पहिल्यांदा अंगणात मांडून दाखवली तेव्हा माय कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "कॅमेराले छत्री… आनि तुले?" तो म्हणाला, "माय, कॅमेरा तापना की बंद पडस. मी कधी बंद पडनू का?" आम्ही सगळे हसलो होतो. मीही.

त्या दिवशी काय झालं ते नवरीच्या आईनेच दवाखान्यात आम्हाला सांगितलं. बाई रडत होती, तिच्या हातावरची हळदही उतरली नव्हती. वरातीत, मांडवाबाहेर, पंगतीत, दिपू दिवसभर उन्हात उभा होता. तिने त्याच्यासाठी वरण-बट्टी आणि गंगाफळाच्या भाजीचं ताट वाढून ठेवलं होतं. दोनदा बोलावलं. तो म्हणाला, "आलोच मावशी, एवढं झालं की." ताट झाकून ठेवलं. मुलगी गाडीत बसली, त्याने शेवटचा शॉट घेतला, कॅमेरा नीट बॅगेत ठेवला, चेन लावली आणि तिथेच खाली बसला. "ताट तसंच राहिलं हो," असं ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचा काही दोष नव्हता. पण माय माझ्या शेजारीच बसलेली होती आणि तिने ते ऐकलं.

तेव्हापासून मायने अन्न सोडलं. म्हणजे हट्ट नव्हता, भांडण नव्हतं. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची, तो बोटांत तसाच राहायचा. "मना पोऱ्या उपाशी गया," म्हणायची आणि ताट सरकवायची. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, तरी तेच. चहा आणि ताकावर किती दिवस निघणार? माझ्या नवऱ्याने समजावलं, नणंद येऊन राहिली, डॉक्टरांनी बाटली लावली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एक गेला, आता ही दुसरी आमच्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि आम्ही नुसतं बघत होतो.

दिपूची बॅग नवरीच्या भावाने आणून दिली होती. ती मी कपाटावर ठेवली. आत कार्ड होतं, रेकॉर्डर होता. नवरीचा फोन आला, म्हणाली, "वहिनी, फिल्मची घाई नाही. नाही झाली तरी चालेल." किती शहाणी पोरगी! पण तिच्या लग्नाची तेवढीच एक आठवण होती, आणि ती माझ्या कपाटावर पडून होती. मला बॅगेला हात लावायची हिंमत होत नव्हती. त्या कार्डात दिपू माझ्याशी बोलणार होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मायच म्हणाली. खाटेवर पडल्या पडल्या तिचं लक्ष बॅगेकडे गेलं असावं. "त्यामा दिपूना आवाज शे ना?" मी म्हटलं, आहे. "मंग लाव. लोकेसनं लगन शे ते, त्यासनं त्यासले देवानं." ज्याचं त्याला द्यायचं, हे तिचं खरंच होतं. मी तिला उठवून टेबलाजवळ खुर्चीत बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन न लावता काम सुरू केलं.

पहिल्या टाळीला त्याचे हात आले. उजव्या मनगटावर नाडा, माझ्या लेकीने काढून दिलेलं पेनाचं घड्याळ अजून पुसटसं दिसत होतं. "वहिनी, रामराम. पोरगी मोठी गुणी शे, फिल्म झकास व्हवाले पाहिजे." ठप्प. मी पदर तोंडात कोंबला. माय ताठ बसून पडद्याकडे बघत होती. उन्हामुळे कॅमेरा पुन्हा पुन्हा बंद पडला होता, छत्री असूनही, आणि बंद पडला की नव्याने सुरू करून नवी टाळी. त्यामुळे या लग्नात टाळ्या इतर लग्नांपेक्षा कितीतरी जास्त. "वहिनी, परत तापना." ठप्प. "वहिनी, आज टाळ्या जास्ती शेतस, कटाळू नका." ठप्प. ज्या उन्हाने त्याला नेलं, त्याच उन्हाने त्याचा आवाज मला इतका जास्त दिला… याला काय म्हणावं? त्या उन्हाचे आभार मानायचे की त्याला शिव्या द्यायच्या, मला आजही कळत नाही. दुपारकडे आवाज कोरडा होत गेला. टाळीही हलकी यायला लागली. माझं बोट थांबलं, पुढचं नको वाटलं. माय म्हणाली, "चालू दे."

मग पंगतीचा शॉट आला. मागे वाढप्यांचा गलबला, पत्रावळींचा आवाज. हात कॅमेऱ्यासमोर आले, घामाने चमकत होते. आणि दिपू म्हणाला, "वहिनी… मायले सांगजो, मी जेवनू."

निरोप मी विसरूनच गेले होते. मी पटकन थांबवलं. टाळी व्हायच्या आधीच चित्र थांबलं, दोन हात समोरासमोर, मध्ये जरा अंतर. माझी मायकडे बघायची छाती होईना. झाकलेल्या ताटाचं मलाही ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. ती आता नेहमीचं म्हणणार, खोटाडा शे तो, आणि मग तिला कोण आवरणार, असं मनात आलं.

मायने पदराने पडद्यावरची धूळ पुसली, त्या दोन हातांपुरती. म्हणाली, "जेवना ना? बरं जयं." बरं झालं, एवढंच; खोटाडा म्हणाली नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माले भाकर दे."

फिल्म मी पुरी केली आणि नवरीला पाठवली. टाळीच्या पलीकडचं सगळं लग्न तिचं, ते तिला दिलं. अलीकडचं आमचं. ते कार्ड पुसलेलं नाही, पुसणारही नाही. छत्री तिपाईसकट कोपऱ्यात उभी आहे, तिच्याकडे मी अजून नीट बघू शकत नाही. पण दुपारी ताटं वाढली की माय हात धुऊन आधी माझ्या टेबलाशी येते आणि म्हणते, "लाव." मी लावते. दिपू सांगतो, मी जेवनू. माय म्हणते, बरं जयं. मग ती जेवायला बसते.