शेडच्या दाराला वाकणारा माणूस

मधुकर ठोंबरेंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते कापसाच्या जिनिंगच्या, म्हणजे आमच्या गावच्या जिनाच्या, कुलूपबंद शेडला कमरेतून वाकून नमस्कार करत होते. आत कोणी नव्हतं. बाहेर मी होतो, एक म्हैस होती आणि जिनातला म्हातारा हमाल नामदेव होता. ठोंबरे हात मांड्यांना चिकटवून वाकले, क्षणभर तसेच राहिले, सरळ झाले आणि मग किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं. नामदेवनं मला हळूच विचारलं, "गुरुजी, आत कोनाले बसवलं?" मी हायस्कुलात नुकताच लागलेला मास्तर, मला काय ठाऊक! पण गावानं आपल्यापरीनं उत्तर शोधलं. आठवडाभरात त्या उंबऱ्यावर हळदकुंकू आणि नारळाच्या वाट्या दिसू लागल्या. ठोंबरे खोबरं खात आणि नमस्कार चालू ठेवत.

"देव नोय हो, जागा हाय," ते मला समजावत. "जिथं शिकाचं, त्या जागेले आधी मान द्या लागते. आधी मान, मंग हात."

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. आमचं गाव कामरगावच्या अलीकडचं. कारंज्याला जायचं तर एसटी, आणि एसटी आली नाही तर देवाचं नाव. अशा ठिकाणी कराटे आणणारा माणूस एकतर थोर असला पाहिजे किंवा रिकामटेकडा. ठोंबरे दोन्हीच्या मधोमध होते. नागपुरात बी.कॉम.ला नापास होता होता त्यांनी कराटे शिकून घेतलं होतं. पट्टा तपकिरी. काळा एका परीक्षेनं हुकला, कारण परीक्षक आजारी पडला, असं ते सांगत. हा परीक्षक इतकी वर्षं कोणत्या आजारानं अंथरुणाला खिळून होता, हे मी कधी विचारलं नाही, कारण आम्ही एकाच खोलीत राहत होतो आणि स्वयंपाक ते करत. पोटासाठी ते सहकारी संस्थेच्या जिनात हंगामी कारकून होते. कापूस यायचा तेव्हा वजनं लिहायची, आणि कापूस नसला की रिकाम्या शेडमध्ये पोट्टे जमवून कराटे शिकवायचं.

पोशाख त्यांनी गावातल्या शिंप्याकडून मांजरपाटाचा शिवून घेतला होता. पहिल्याच धुण्यात तो आटला आणि पायजमा पोटरीवर येऊन थांबला. त्या वेषात ठोंबरे आरोळी ठोकत तेव्हा शेजारच्या गोठ्यातले बैल दावं ताणत. पोरं मात्र खूश होती. फिरत्या टॉकीजमध्ये सगळ्यांनी मारामारीचे सिनेमे पाहिले होते आणि महिन्याभरात हवेत उडता येईल अशी प्रत्येकाची समजूत होती. ठोंबरेंनी पहिला महिना त्यांना फक्त बसायला, उठायला, चपला ओळीत ठेवायला आणि वाकायला शिकवलं. वाकायचा हुकूम जपानी होता, 'रेई'. तो सुटला की पंचवीस-तीस पोट्टे एका रांगेत सरांपुढे वाकत.

मग त्यांनी पालकांची सभा घेतली. पोरांइतकीच शिस्त घरच्यांना लागते, असं त्यांचं म्हणणं. मीही गेलो, फुकटची करमणूक कोण सोडतो?

"क्लास चालू असताना पोराले हाका मारू नका," ठोंबरे म्हणाले. "दळन आनाचं असन तं आधी आना. अन् पोरगं रडलं तं धावून येऊ नका. रडनं बी शिकन्यातच येते."

मागून एक शेतकरी उठला. "सर, पोट्ट्याले मारता कवा येईन?"

"पाच वर्षं तरी लागतीन."

"पाच वर्षं? आमचं वावराच्या धुऱ्याचं, हद्दीचं भांडन तं याच पेरनीत हाय!"

सभा हसली. ठोंबरे हसले नाहीत. ते कधी वेळेवर हसत नसत. ते म्हणाले, "ज्याच्याशी भांडाचं त्याच्यापुढं आधी वाकता आलं पाह्यजे. मंग भांडन किती राह्यते ते पाहा." तो शेतकरी पोराचं नाव काढून घेऊन घरी गेला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर पालकांसमोर प्रात्यक्षिक करायचं ठरलं. त्यात पहिल्यांदाच पोरांचे आपसात सामने होणार होते, आणि सामन्याआधी दोघांनी एकमेकांपुढे वाकायचं होतं. ठोंबरेंनी जोड्या लावल्या उंची पाहून. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब देशमुख यांचा विजू आणि बौद्धपुऱ्यातले पोस्टमन गणपतराव यांचा मिलिंद, दोघं नेमके एका उंचीचे. मी म्हटलं, "ठोंबरे, जोडी बदला. शेड आप्पासाहेबांची, तुमची नोकरी आप्पासाहेबांची."

"उंची तं आप्पासाहेबाची नाही ना," ते म्हणाले आणि कांदा चिरायला बसले.

आधी गणपतराव आले. सायकल भिंतीला लावून उभ्यानंच बोलले. "सर, माह्या बापानं वाकनं सोडलं छप्पन साली. तुमी माह्या पोराले पुन्हा कायले वाकवून राह्यले?"

"तो एकटा थोडाच वाकते? समोरचाबी वाकते."

"समोर कोन?"

"आप्पासाहेबाचा इजू."

गणपतरावांनी खांद्यावरची टपालाची पिशवी काढून खाली ठेवली. "तो वाकन?"

"दोघं संगंच वाकतीन. नाही तं सामना नाही."

"मंग मी सोता पाह्याले येतो," गणपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांचं बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. ओसरीवर त्यांनी आम्हाला चहा पाजला. मोठा उदार माणूस. "मास्तर, मी जातपात मानत नाही," ते ठोंबरेंना म्हणाले. "त्या पोट्ट्यानं आमच्या इजूले मारू द्या. नाक फुटलं तरी मी हूं की चूं करनार नाही. पन त्याच्यापुढं वाकाले लावू नका."

आप्पासाहेबांच्या पुरोगामीपणाची हद्द कुठे होती, ते मला त्या दिवशी कळलं. नाकापर्यंत ते आले होते, कंबरेपाशी अडले होते.

"वाकल्याबिगर मारता येत नाही, आप्पासाहेब. नियम हाय."

"जपानचा नियम इथं कायले पाह्यजे? असं करा, त्या पोट्ट्याले वाकू द्या, आमचा इजू मान हलवन."

"नाही. दोघं एकाच वख्ती."

आप्पासाहेबांनी पानाचा डबा बंद केला. "दिवाळीनंतर हंगाम सुरू होते, मास्तर. कारकून ठेवाचा का नाही, ते ठरवा लागते आमाले." हे ते इतक्या प्रेमानं बोलले की ऐकणाऱ्याला वाटावं, आशीर्वादच देताहेत. घरी येऊन ठोंबरेंनी भाकरी थापल्या. त्या करपल्या. एवढाच काय तो फरक.

पंधरा ऑगस्टला सकाळी आप्पासाहेबांनी झेंड्याखाली समतेवर भाषण केलं, चांगलं केलं. दुपारी शेड गच्च भरली. बायका पोत्यांवर, पुरुष भिंतीशी, मधल्या खुर्चीत आप्पासाहेब. दाराजवळ गणपतराव, खाकी गणवेश इस्त्री करून. ठोंबरेंच्या शेजारी हातानं फोडण्यासाठी छपरावरचे कवेलू रचून ठेवलेले. गाव खरं तर तेच बघायला आलं होतं.

विजू आणि मिलिंद समोरासमोर उभे राहिले. ठोंबरे ओरडले, "रेई!"

मिलिंदनं हात मांड्यांवर ठेवले आणि विजूकडे पाहिलं. तो थांबला होता, एकट्यानं वाकायचं नाही म्हणून. विजूनं बापाकडे पाहिलं. पोरगा वाईट नव्हता. त्याला सामना खेळायचा होता. तो वाकायला लागला, आणि आप्पासाहेब खोकले. विजू ताठ झाला.

"रेई," ठोंबरे पुन्हा म्हणाले, या वेळी हळू.

कोणी हललं नाही.

"सामना नाही," ठोंबरेंनी सांगितलं. "क्लास बंद. पोट्टेहो, चपला घाला."

गर्दी चिडली. समतेसाठी नव्हे, कवेलूंसाठी. "मास्तर, तेवढे कवेलू तं फोडा!" लोक ओरडले. आप्पासाहेबही म्हणाले, "हो, लोकं लांबून आले." ठोंबरेंनी कवेलू एकावर एक उचलले आणि ज्याच्या घरून आणले होते त्याला परत दिले. खरं सांगायचं तर ते त्यांच्या हातून फुटले असते याची मला खात्री नव्हती. पण त्या दिवशी त्या आखूड पायजम्यातल्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

हंगामाला संस्थेनं दुसरा कारकून घेतला. ठोंबरे आपला पोशाख मिलिंदला देऊन गेले आणि कारंज्याला एका कापडाच्या दुकानात लागले.

पुढे पंचायत समितीची निवडणूक आली आणि आप्पासाहेब उभे राहिले. बौद्धपुऱ्यात ते घरोघर गेले आणि प्रत्येक दारात हात जोडून असे वाकले की माझा विश्वास बसेना. गणपतरावांच्या दारातही वाकले. गणपतरावही रीतसर वाकले आणि म्हणाले, "आप्पासाहेब, तुमचं झालं. आता इजूले पाठवा. मिलिंद घरीच हाय." सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं आप्पासाहेब. निवडूनही तेच आले.

हा किस्सा मी गावोगाव सांगितला, आप्पासाहेबांच्या वाकण्याच्या नकलेसकट. मग एकदा कारंज्यात ठोंबरे भेटले. दुकानासमोरच्या टपरीवर चहा घेता घेता त्यांनाही सांगितला. टपरीवाला हसून हसून बेजार झाला, मीही हसत होतो.

ठोंबरेंनी विचारलं, "मंग इजू आला?"

"छे! तो कशाला येतो?"

"अन् मिलिंद?"

"गणपतराव सांगत होते, त्या दिवशी तो तुमचा जुना पोशाख घालून दिवे लागेपर्यंत अंगणात उभा होता."

ठोंबरेंनी कप खाली ठेवला.

"मंग तुमी हसून कायले राह्यले, गुरुजी?"