पर्जन्यमापकातलं बुधवारचं पाणी

बुधवारीही पर्जन्यमापकात बारा मिलिमीटर पाणी निघालं. सलग तिसरा दिवस. आणि भोवतालच्या मातीवर पाय टाकला की धूळ उडत होती.

मी कृषी सहायक. दिघोरीकडची चार गावं माझ्याकडे. पर्जन्यमापक म्हणजे वर फनेल, आत बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा मोबाइलवर तालुक्याला कळवायचा. सोमवारी सकाळी, रात्रीतून सर पडून गेली असेल असं धरून, मी बारा कळवला. मंगळवारीही बारा. दुपारी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं गाव यादीतून काढलं."

यादी पाऊस न झालेल्या गावांना द्यायच्या बियाण्याची होती. हल्ली पाऊस चार दिवस कोसळतो आणि तीन आठवडे तोंड दाखवत नाही. रोवणीसाठी टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, जागेवरच करपले होते. पुन्हा पेरायचं तर कमी दिवसांचं वाण हवं. ते मिळालं नाही तर गावाचा हंगाम गेला.

"साहेब, इथं थेंब नाही."

"मग हे बारा मिलिमीटर आभाळातून नाही तं कुठून आले?"

"तेच पाहून राहिली."

"शुक्रवारपर्यंत पत्र द्या. कारणासह."

म्हणून बुधवारी नीट तपासलं. जवळ नळ नाही, झाड नाही. धुळीत ताजे ठसे फक्त माझ्या चपलांचे. बाटलीतलं पाणी हाताला गार लागलं. बाजूच्या बोडीतले, त्या लहान तळ्यातले, बेडूकही गप्प होते.

गुरुवारी पहाटेच पर्जन्यमापकासमोरच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसले. उजाडता उजाडता सोनाबाई मडावी आल्या. सत्तरीच्या, कोपरापर्यंत शेणाने माखलेल्या. त्यांनी फनेलमध्ये गडव्याने थोडं पाणी ओतलं आणि हात जोडले.

"आजी, हे काय?"

त्या दचकल्या नाहीत. "भिवसनाले लिंपून आली."

पाऊस ओढला की इथली गोंड मंडळी भिवसन देवाचा दगड शेणाने लिंपून टाकतात. जीव गुदमरला की देव पाऊस सोडतो.

"पण यात पाणी कायले?"

"हा तुमचा देव. तुम्ही रोज सकाळी याच्यापुढं वाकता, कागदावर लिवता. आमचा जुना हाये, त्याले दम देला तं चालते. हा नवा. याले गोडीनं पाजलं."

"या देवापायी गावाचं बियाणं अडलं, आजी. तीन दिवस पाजलं तुम्ही."

"तीन नाही, दोन. सोमवार अन् मंगळवार. काल ताप होता, खाटेवरून उठलीच नाही."

"मग काल कोणी ओतलं?"

"याच्याजवळ कोन येते, बाई? सारे भेतेत."

मी घरोघर विचारलं. सोनाबाईंची सून म्हणाली, सासू बुधवारभर अंथरुणातच होती. बाकी सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

शुक्रवारी पत्र दिलं: 'ग्रामस्थाकडून अनवधानाने पाणी टाकले गेले. तिन्ही दिवस पर्जन्यमान शून्य.' साहेबांनी वाचून सही केली. गाव यादीत परत आलं आणि पुढच्या आठवड्यात बियाणं पोचलं. सोनाबाईंनी पहिली पिशवी नेली.

माझ्या स्वतःच्या वहीत बुधवारचा रकाना कोरा आहे. सरकारी कागदात कारणाचा रकाना भरला की फाईल पुढे जाते. ते कारण तिन्ही दिवसांना पुरतं का, हे कोणी विचारत नाही.